पोच

महापेला, पाचव्या मजल्यावर, पांढऱ्या फळ्यावर
इम्तियाजने दोन चौकोन काढले.
एकात एकच मोठी पेटी,
खानविलकर विकायला आलेत ती, निळ्या दिव्यांची.
पाच वर्षांची हमी, आणि किंमत विचारली की
ते आधी चहा मागवतात.
दुसऱ्यात बारा साधी मशीनं, मिळतील त्या डिस्का,
वर उघडं सॉफ्टवेअर,
ज्याचा मालक कोणी नाही
आणि रात्री तीनला फोन केला तर उचलणाराही कोणी नाही.
म्हणजे मी.

"ब्लॉक म्हणजे नक्की काय हो?" देवस्थळींनी विचारलं.
सही त्यांची लागते.
भूखंड, सर.
कोरा, मोजलेला, नंबर घातलेला.
घर बांधायचं की गोदाम, ते घेणारा बघेल,
आपण हद्दी सांभाळायच्या.
डिस्कवरही सेक्टरच असतात, घणसोलीसारखे.

ते हसले, आणि त्यांनी तक्ता उघडला:
जागा शंभर, वाटप तीनशे.
"सगळे एकदम थोडेच भरतात? कागदावर देऊन ठेवायचं."

कागदावर.
आमचं मिठागर गेलं तेव्हा बाबांनाही
कागदावर दिली होती. साडेबारा टक्के.
एकोणीस वर्षं ते बेलापूरला जात राहिले
इस्त्रीच्या शर्टात,
आवक खिडकीवर अर्ज सरकवत,
पोच घेऊन परत.
गोल शिक्का, तारीख, जांभळी शाई.
बिस्किटांच्या डब्यात त्रेसष्ट पोचपावत्या.
"शिक्का तं हाय," म्हणायचे, "जागा नाय."

हे मी मीटिंगमध्ये सांगितलं नाही.
मी म्हटलं, एकास एक.
ते म्हणाले, अडीच.
जेवणाच्या सुट्टीनंतर सव्वावर आलो
आणि त्या पावाची मला अजून टोचणी आहे.

पेटी वेगवान आहे, ते कबूल.
लिही म्हटलं की क्षणात पोच.
मी खानविलकरांना विचारलं,
पोच देते तेव्हा लिहिलेलं असतं का?
"मेमरीत असतं मॅडम. लिहिलं जाईलच. आत बॅटरी आहे."
बॅटरीची हमी किती?
त्यांनी माहितीपत्रक उलटं करून पाहिलं,
मागे फक्त पत्ता होता.

तर बारा मशीनं.
प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती, तीन वेगळ्या रॅकमध्ये,
तिन्हींची वीज वेगळ्या वाटेनं.
तिन्हीकडे उमटल्याशिवाय पोच द्यायची नाही.
घेतल्या जागेतली तिसराच हिस्सा वापरायला उरतो,
हा हिशेब देवस्थळींना गिळायला आठवडा लागला.
"चार मिलिसेकंद उशीर होतोय," इम्तियाज म्हणाला,
"पतपेढीवाले बोंबलतील."
एकोणीस वर्षांपेक्षा कमी आहे, मी म्हटलं.
त्याला कळलं नाही. त्यानं आकडा लिहून घेतला.

शनिवारी रात्री रबाळ्याला चाचणी.
आत अठरा अंश, पंख्यांचा एकसुरी घोष,
खाली पाया, पायाखाली भराव,
भरावाखाली खाडीचं पाणी, ते अजून खारट असणार.
पहिला भूखंड मी स्वतःच्या नावानं कापला
आणि त्यात डबा रिकामा केला,
त्रेसष्ट पावत्यांचे फोटो, एकेक.
मग इम्तियाजला म्हटलं, ओढ.

त्यानं मधल्या रॅकची वीज तोडली.
चार मशीनं एकदम मुकी.
दिवे पिवळे झाले. उरलेल्या आठांनी
आपसात मोजदाद सुरू केली,
कुणाकडे काय आहे, कुणाचं काय कमी पडतंय,
आणि कुणी अर्ज न करता
हरवलेल्याच्या नव्या प्रती लिहायला बसली.

पावणेचारला सगळं हिरवं.
त्रेसष्टच्या त्रेसष्ट. मी शेवटची उघडून पाहिली,
शिक्का थोडा फिरलेला, बाबांच्या अंगठ्याचा डाग
कोपऱ्यात, तसाच.

मग पुसून टाकल्या.
चाचणीचा डेटा ठेवायचा नसतो,
नियम माझाच आहे.
इम्तियाजने विचारलं, नोंद काय करू?
लिही, म्हटलं: पोच दिली
तेव्हा जागा होती.